बाद केलेलं कार्ड: ग्राफिक्स कार्ड निवडीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या मावसभावाचं आहे. त्याच्या परवानगीने, नाव गाळून लिहितोय. किमती कुठल्याही चलनात दिलेल्या नाहीत. त्याने केलेल्या तक्त्यात सगळ्यात स्वस्त नवं कार्ड होतं त्याची किंमत १०० धरली आहे आणि बाकीच्या त्या प्रमाणात. चलन, कर, दुकान बदललं की आकडे बदलतात. दोन कार्डांमधलं अंतर मात्र बरंचसं टिकतं, आणि निवड करताना कामाला येतं ते अंतरच.

संगणक असा होता: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम, ५०० वॉटचा पॉवर सप्लाय आणि आधीच्या संगणकातून काढून बसवलेलं एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १०६०, ६ जीबीवालं. मॉनिटर तेवढा नवा. १४४०पी (उभ्यात १४४० ठिपके), १६५ हर्ट्झ (सेकंदाला १६५ चित्रं दाखवणारा). तो त्याने वर्षभर आधीच घेऊन ठेवला होता, ‘कार्ड काय, येईलच मागून’ या हिशेबाने.

काय खेळतोस, किती खेळतोस, हे मी पहिल्याच दिवशी विचारलं. त्याचं उत्तर होतं, ‘‘दादा, दहा तास खेळलो तर आठ तास काउंटर-स्ट्राइक. उरलेले दोन तास एखादा मोठा गोष्टीचा गेम.’’ हे मी वहीत लिहून घेतलं. त्याचा खरा अर्थ कळायला दोन महिने लागले.

अडचण

निमित्त झालं ‘डूम: द डार्क एजेस’चं. मे २०२५ मध्ये आलेला हा गेम रे ट्रेसिंगचं, म्हणजे प्रकाशाचे किरण मोजून चित्र रंगवण्याचं, हार्डवेअर नसलेल्या कार्डावर चालतच नाही. सेटिंग खाली आणून भागत नाही. जीटीएक्स १०६० जुलै २०१६ चं, त्यात असलं काही नाही. त्यातच एनव्हिडियाने जाहीर केलं की या पिढीच्या कार्डांना नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) ऑक्टोबर २०२५ पर्यंतच मिळतील, पुढे फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या. म्हणजे कार्ड बदलायचं हे ठरलेलंच होतं. त्यात निर्णय असा नव्हता.

दुसरी तक्रार त्याने जाता जाता केली: काउंटर-स्ट्राइकमध्ये धूर टाकला आणि चारपाच जण एकदम भिडले की गेम अडखळतो. हीसुद्धा जुन्या कार्डाचीच करामत, असं त्याने गृहीत धरलं. मीही धरलं.

बजेट तक्त्याच्या मापात १७५ होतं, त्याच्यावर एक पै नाही.

किमतींचा तक्ता

पोरगा मेहनती. पाच आठवडे रोज रात्री किमती टिपल्या. नव्या कार्डांचं त्याचं शेवटचं चित्र असं होतं: इंटेलचं आर्क बी५८० (१२ जीबी) १००, एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० (८ जीबी) ११६, एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी ८ जीबी ११८ आणि १६ जीबी १४०, आरटीएक्स ५०६० टीआय ८ जीबी १५० आणि १६ जीबी १७२. शिवाय वापरलेलं आरटीएक्स ३०८० (१० जीबी), एकाने ११० ला देऊ केलेलं. प्रत्येकासमोर चाचण्यांमधून उचललेली सरासरी फ्रेमसंख्या (सेकंदाला किती चित्रं) आणि शेवटच्या रकान्यात भागाकार, म्हणजे एका फ्रेममागे किती पैसे.

या पाच आठवड्यांत किमतींबद्दल त्याला जे दिसलं ते सांगण्यासारखं आहे. एकाच चिपची दहाअकरा मॉडेलं असतात: दोन पंख्यांचं साधं, तीन पंख्यांचं, वर दिवे लावलेलं, कारखान्यातूनच थोडा वेग वाढवून दिलेलं. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग मॉडेलमधला फरक त्याला २१ टक्के दिसला. कामगिरीतला फरक दोनतीन टक्क्यांचा. जास्तीचे पैसे शांत पंख्यांचे आणि रुपाचे, आणि तेवढ्यात बहुतेक वेळा वरची चिप येते. दुसरं म्हणजे ‘मोठी सूट’. खोडलेली किंमत ज्या दिवशी दिसली त्याच्या आठवडाभर आधी कार्ड त्याच सवलतीच्या भावात होतं, हे त्याच्या तक्त्यात दोनदा सापडलं. पाच आठवड्यांचा तक्ता नसता तर आम्हीही ‘आज रात्रीपर्यंतच’ म्हणून धावलो असतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात त्रासदायक. आरटीएक्स ५०६० टीआय १३५ ला मिळतंय म्हणून त्याने मला एकदा घाईघाईने फोन केला. नाव बरोबर, फोटो बरोबर, खोका बरोबर. मॉडेल क्रमांकाच्या शेपटीला १६ऐवजी ८ होता. एकच नाव, मेमरी अर्धी. हा प्रकार नवा नाही. त्याच्याच जीटीएक्स १०६० चं एक ३ जीबीचं भावंड होतं, आणि त्यात मेमरी तर कमी होतीच, पण गणना करणारे कोअरही १२८० ऐवजी ११५२. नाव मात्र तेच. त्याच्या बहिणीच्या संगणकात तेव्हा तेच ३ जीबीवालं बसलेलं होतं. तिने ते ‘दादाचंच कार्ड, जरा स्वस्तात’ म्हणून घेतलं होतं.

पर्यायांची छाननी

स्वस्ताईत पहिला नंबर बी५८० चा, त्याच्या पाठोपाठ वापरलेलं ३०८०. दोन्ही आम्ही बाद केली. कारणं वेगवेगळी.

३०८० चं गणित सोपं होतं. ते कार्ड एकटं ३२० वॉट खातं आणि एनव्हिडिया त्यासाठी ७५० वॉटचा पॉवर सप्लाय सुचवते. आमचा ५०० चा, तोही जुना. नवा चांगला पॉवर सप्लाय धरला की ११० चे झाले १४५. वर वॉरंटी नाही, आधी क्रिप्टो चलनाच्या खाणकामात राबलंय की नाही ते कळायला मार्ग नाही, आणि मेमरी १० जीबीच. मावसभावाला वाईट वाटलं, कारण ३०८० हे त्याच्या शाळेच्या दिवसांतलं स्वप्न. पण तो लगेच मान्य झाला.

८ जीबीची तिन्ही कार्डं नकोतच, यावर मी हटून बसलो, आणि त्यामागचं कारण जरा सविस्तर सांगायला हवं. बी४५० मदरबोर्डावर पीसीआय एक्सप्रेसची, म्हणजे कार्ड मदरबोर्डाला जोडणाऱ्या वाटेची, तिसरी पिढी आहे. तिच्या एका लेनमधून एका दिशेला सेकंदाला साधारण १ जीबी डेटा जातो. आरटीएक्स ५०६० आणि ५०६० टीआय आठच लेन वापरतात. म्हणजे जुन्या मदरबोर्डावर जाण्यायेण्याची वाट सेकंदाला सुमारे ८ जीबीची. कार्डावरच्या मेमरीचा वेग सेकंदाला ४४८ जीबी. गेमचं सामान ८ जीबीत मावलं तर या वाटेचा फारसा प्रश्न येत नाही. मावलं नाही की उरलेलं सामान मुख्य रॅममध्ये जातं आणि दर वेळी त्या बोळातून आणावं लागतं. मग सरासरी फ्रेमसंख्या कागदावर बरी दिसते आणि खेळताना मात्र झटके बसतात. चाचण्या करणारे बहुतेक जण नव्याकोऱ्या मदरबोर्डावर चाचणी करतात, त्यामुळे हे झटके त्यांच्या आकड्यांत कमी दिसतात. ९०६० एक्सटी सोळा लेन वापरतं, ही त्याची जमेची बाजू. पण १४४०पी मॉनिटरसाठी आणि चारपाच वर्षं वापरण्यासाठी ८ जीबी घ्यावं, असं मला त्याच्या बाबतीतही वाटलं नाही. ८ आणि १६ मधला फरक तक्त्यात २२ होता. नंतर खर्च करून मेमरी वाढवता येत नाही.

आता बी५८०. इंटेलचं हे कार्ड डिसेंबर २०२४ मध्ये आलं, १२ जीबी मेमरी, भाव चांगला. पण जानेवारी २०२५ मध्ये चाचण्यांतून पुढे आलं की जुन्या प्रोसेसरसोबत हे कार्ड बरंच मागे पडतं. त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरवर जास्त भार टाकतो. ज्या प्रोसेसरांवर हा परिणाम दिसला त्यांत रायझन ५ ३६०० चं नाव होतं. आमचा तोच. मी फोनवर म्हणालो, ‘‘तुझ्या प्रोसेसरला हे झेपणार नाही, काढून टाक.’’ त्याने त्या ओळीवर लाल रंग मारला.

या वाक्यापाशी मी पुन्हा येणार आहे.

उरली दोन: ९०६० एक्सटी १६ जीबी (१४०) आणि ५०६० टीआय १६ जीबी (१७२). दुसरं सुमारे २३ टक्के महाग. साध्या खेळात थोडंसं पुढे, रे ट्रेसिंगमध्ये जास्त पुढे, आणि त्याचं डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून फ्रेम वाढवणारी एनव्हिडियाची सोय) जास्त गेममध्ये चालतं. तो ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये काम करत असता किंवा व्हिडिओ रेंडर करत असता, तर मी डोळे मिटून एनव्हिडिया घे म्हणालो असतो. तो फक्त खेळतो. शिवाय आठ लेनांची गोष्ट होतीच. १४० वर शिक्कामोर्तब झालं, ३५ शिल्लक.

काय केलं

मागवण्याआधी एक काम मात्र नीट केलं. केस उघडून पट्टी लावली. मागच्या पत्र्यापासून हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत २६८ मिलिमीटर. त्याने कार्टमध्ये टाकलेलं तीन पंख्यांचं मॉडेल ३०० च्या वर. ते आलं असतं तर पिंजरा कापावा लागला असता. दोन पंख्यांचं २४० चं मागवलं, आणि तेच स्वस्तही होतं. कार्ड १६० वॉटचं, ८ पिनचा एकच जोड. त्यामुळे पॉवर सप्लाय तोच राहिला.

जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये जाऊन पुसला, कार्ड बसवलं, चित्र आलं. इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. मी सुचवलं की रिसायझेबल बारही चालू करून घेऊ, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम दिसते आणि काही गेममध्ये थोडा फायदा होतो. त्याच्या मदरबोर्डाला त्यासाठी बायोस (मदरबोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट हवं होतं. ते केलं. मग सीएसएम (जुन्या पद्धतीने संगणक सुरू करण्याची सोय) बंद करावं लागलं. ते बंद केल्यावर विंडोज सुरूच होईना, कारण डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची होती. रात्री साडेअकरा वाजता विंडोजच्याच ‘एमबीआर२जीपीटी’ने ती रूपांतरित केली. डेटाची प्रत आधी काढली होती का? नव्हती. तो फोनवर म्हणाला, ‘‘दादा, हे होईल ना रे नीट?’’ आणि मी ‘होईल’ म्हणालो. तेव्हा माझ्या हातात फक्त तो शब्द होता. झालं नीट, पण ही शिफारस नाही.

काय झालं

‘डूम’ सुरू झाला आणि १४४०पीवर मजेत चालला. ‘सायबरपंक २०७७’ १०६० वर १०८०पीला, सगळं खाली आणून, ४५ फ्रेमच्या आसपास असायचा. आता १४४०पीला उंच सेटिंगवर ७५ च्या पुढेमागे. पहिले तीन दिवस मला फक्त स्क्रीनशॉट येत होते.

चौथ्या दिवशी फोन आला. काउंटर-स्ट्राइक पहिल्यापेक्षा जास्त अडखळतोय.

आकडे मागवले. सरासरी ११८ वरून १५८ झाली होती, तेही मॉनिटरच्या पूर्ण रिझोल्यूशनवर. पण सगळ्यात वाईट एक टक्का फ्रेमची सरासरी, जी अडखळणं खऱ्या अर्थाने दाखवते, ती ७४ वरून ६६ वर उतरली होती. नवं कार्ड घालून गेम जास्त अडखळावा, हे काही केल्या पटेना. त्याने कार्ड परत करायची भाषा सुरू केली. मुदतीचे सहा दिवस उरले होते.

दोन दिवस ड्रायव्हरच्या मागे घालवले. तिसऱ्या दिवशी टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर त्याचं लक्ष गेलं. रॅमचा वेग २१३३. त्याची रॅम ३२०० ची. बायोस अपडेट झालं तेव्हा सगळी सेटिंग मूळपदावर गेली होती, त्यात रॅम पूर्ण वेगाने चालवणारं एक्सएमपीही बंद झालं. या पिढीच्या रायझनमध्ये प्रोसेसरच्या आतले भाग ज्या वाटेने एकमेकांशी बोलतात तिचा वेग रॅमच्या वेगाला बांधलेला असतो. म्हणजे रॅम मंदावली की फटका दोन्हीकडून. एक्सएमपी चालू केलं, ६६ चे ७७ झाले.

७७. म्हणजे जुन्या कार्डावर होते त्यापेक्षा तीन जास्त. त्याने नुसतं ‘‘बरं’’ म्हटलं आणि फोन ठेवला.

मग मी त्याला ती चाचणी करायला सांगितली जी पहिल्या दिवशी सांगायला हवी होती. रिझोल्यूशन ७२०पी, सगळी सेटिंग तळाला. असं केल्यावर कार्डाचं काम जवळजवळ उरत नाही, प्रोसेसरचं मात्र बहुतेक तेवढंच राहतं. जी फ्रेमसंख्या येईल ती प्रोसेसरची कमाल. त्याहून जास्त कुठलंच कार्ड काढू शकत नाही. वाईट एक टक्क्याचा आकडा आला ७९. १४४०पीला ७७, ७२०पीला ७९. कार्डाचा यात काही संबंधच नव्हता. धूर, पाच जण, उडणाऱ्या गोळ्या, हा सगळा हिशेब २०१९ च्या प्रोसेसरच्या अंगावर होता. १०६० असतानाही होता.

कार्ड परत केलं नाही. दोन महिने थांबून त्याने वापरलेला रायझन ७ ५७००एक्स३डी हा प्रोसेसर घेतला. तो याच मदरबोर्डावर बसतो आणि त्याला लागणारं बायोस अपडेट आधीच झालेलं होतं. मध्यरात्रीच्या त्या उपद्व्यापाचा तेवढा एक उपयोग. किंमत तक्त्याच्या मापात ७०. वाईट एक टक्का गेला १२८ वर. एकूण खर्च २१०, बजेट १७५.

निर्णयाचे क्षण, पुन्हा पाहताना

किमतींचा तक्ता चुकीचा नव्हता, हे आधी सांगतो. भाव खरे होते, टिपणं प्रामाणिक होती. भागाकारातल्या फ्रेम दुसऱ्यांच्या होत्या. कार्डांची चाचणी घेणारे मुद्दाम सगळ्यात वेगवान प्रोसेसर लावतात, आणि ते बरोबरच आहे, कारण त्यांना कार्डांमधला फरक दाखवायचा असतो. आपल्याला आपल्या संगणकावरचा फरक हवा असतो. तक्त्यात ‘माझ्या प्रोसेसरची कमाल’ असा एक रकाना असता आणि प्रत्येक कार्डाच्या फ्रेम तिथे येऊन अडल्या असत्या, तर काउंटर-स्ट्राइकच्या ओळीत सातही कार्डं जवळजवळ सारखीच दिसली असती. हा रकाना भरायला कुठलंच कार्ड विकत घ्यावं लागत नव्हतं. जुन्या १०६० वर, ७२०पीला, दहा मिनिटांत तो भरता आला असता.

आता ते वाक्य. ‘तुझ्या प्रोसेसरला हे झेपणार नाही.’ बी५८० बाद करताना मी त्याच्या संगणकाचं निदानच केलं होतं, आणि ते कार्डाचा दोष म्हणून लिहून मोकळा झालो. प्रोसेसर एका कार्डासाठी कमजोर आहे हे कळल्यावर पुढचा प्रश्न सरळ होता: मग तो बाकी कशाकशात कमी पडतोय? मी तो विचारला नाही. कारण हाताशी असलेली यादी कार्डांची होती आणि माझ्या डोक्यात काम होतं यादी आखूड करण्याचं.

बी५८० (१००) आणि ५७००एक्स३डी (७०) मिळून १७० होतात. बजेटच्या आत, पाच शिल्लक. त्या प्रोसेसरसोबत बी५८० ची मुख्य तक्रारही बरीचशी मिटली असती. मोठ्या गेममध्ये ते ९०६० एक्सटीच्या मागे राहिलं असतं, स्पष्टपणे मागे. पण दहातले आठ तास तो जे खेळतो त्यात त्याला पहिल्याच आठवड्यात हवं ते मिळालं असतं, आणि ‘डूम’ही चाललाच असता. लाल रंग मारलेली ओळ ही कदाचित सगळ्यात चांगल्या पर्यायाचा अर्धा भाग होती. कदाचित म्हणतो, कारण इंटेलच्या ड्रायव्हरांशी त्याने किती जमवून घेतलं असतं हे मला सांगता येत नाही, आणि त्याचा सोशिकपणा मी त्या आठवड्यात पाहिलाय.

पॉवर सप्लाय, केसची लांबी, आठ लेन, मॉडेल क्रमांकाची शेपटी, हे आम्ही नीट पाहिलं. तिथे आजही बदल करणार नाही. बायोस अपडेटचा वेगळा दिवस ठेवीन. कार्ड आणि बायोस एकाच रात्री बदललं, त्यामुळे बिघाड कुणाचा हे शोधण्यात परतीच्या मुदतीतले तीन दिवस गेले. आणि अपडेटच्या आधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढीन. एक्सएमपी तिथे पहिल्याच पानावर ठसठशीत लिहिलेलं होतं.

मावसभावाला विचारलं, पुन्हा घ्यायचं झालं तर काय घेशील? म्हणाला, ‘‘हेच. पण आधी प्रोसेसर, मग तीन महिने थांबून कार्ड.’’ म्हणजे ‘डूम’ तीन महिने बंद राहिला असता. ते चाललं असतं का, यावर त्याने खांदे उडवले.

तक्ता अजून आहे. आता तो बहिणीसाठी चाललाय, तिच्या ३ जीबीवाल्या १०६० च्या जागी नवं घ्यायचंय म्हणून. सध्या तिथे याचं ६ जीबीवालं बसवून दिलंय. नव्या तक्त्यात कार्डांची नावं अजून भरलेली नाहीत. पहिल्या ओळीत तिच्या चार गेमची नावं आहेत आणि त्यांच्यासमोर ७२०पीचे आकडे.